तडा २२ मिलिमीटरवर: बडोद्यातील एका अल्ट्रासॉनिक (यूटी) तपासणी सेवेचा अनुभव

मकरपुरा जीआयडीसीत टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनवण्याचा आमचा लहानसा कारखाना आहे. जाड प्लेटच्या जोडांसाठी आजवर आम्ही रेडिओग्राफीच, म्हणजे जोडाचा एक्स-रेसारखा फोटो, करून घेत आलो. परंतु त्यासाठी इरिडियमचा किरणोत्सारी स्रोत यायचा म्हटला की रात्री सगळी शेड रिकामी करावी लागते, आणि फिल्मवर दोष दिसला तरी तो किती खोल आहे हे समजत नाही. किरणांच्या दिशेशी न जुळणारा बारीक तडा तर कित्येकदा उमटतही नाही. म्हणून २५ मिलिमीटर प्लेटच्या एका टाकीसाठी आम्ही शहरातल्याच एका एजन्सीला अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून दोष शोधणाऱ्या तपासणीचे काम दिले.

आलेल्या तंत्रज्ञांनी आधी वेल्डिंग कधी संपले ते विचारले, कारण हायड्रोजनमुळे पडणारे तडे जोड थंड झाल्यावर, कधी दोन दिवसांनीही उघडतात. मग व्ही-१ ब्लॉकवर, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी ठोकळ्यावर, मशीन जुळवून जोडाच्या दोन्ही बाजूंची प्लेट सरळ प्रोबने (लहर सरळ खाली सोडणाऱ्या) तपासली. प्लेटमध्येच थर सुटलेला असेल, तर तिरपी ध्वनिलहर तिथेच अडते आणि पलीकडचा दोष लपून राहतो. ही पायरी गाळणारे मी पाहिले आहेत.

मग लहर ६० अंशांत तिरपी सोडणारा प्रोब ग्रीसवरून सरकवताना एका जागी पडद्यावर ४४ मिलिमीटरला टोकदार प्रतिध्वनी उभा राहिला. हे लहरीच्या तिरप्या वाटेचे अंतर; ६० अंशांना खोली त्याच्या निम्मी, म्हणजे २२ मिलिमीटर. रूटच्या, म्हणजे वेल्डच्या तळाच्या, उंचवट्याचा प्रतिध्वनी ५० च्या पुढे येतो, त्यामुळे हा रूटचा आकार नव्हे, हे त्यांनी पलीकडच्या बाजूनेही प्रोब फिरवून पक्के केले. या एका आकड्याने आमचे काम वाचवले. तडा बाहेरून उघडायचा तर २२ मिलिमीटर वेल्ड काढावे लागले असते. आतल्या बाजूने जेमतेम ३ मिलिमीटर ग्राइंड केल्यावर डाय पेनिट्रंटमध्ये (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या लाल रंगाच्या चाचणीत) लाल रेघ उमटली. आमचे वेल्डर काका, जे सकाळपासून 'हे मशीन काय सांगणार' म्हणत होते, ते मोजपट्टी घेऊन स्वतः वाकले.

तड्याची लांबी अहवालात २४ मिलिमीटर होती, रेघ २१ भरली. प्रतिध्वनी निम्म्यावर येईल त्या दोन टोकांवर खडूची खूण करून लांबी धरतात. लहरीच्या झोताला स्वतःची रुंदी असल्याने छोटा तडा थोडा मोठाच दिसतो, तेव्हा हा फरक मी चूक मानत नाही. तड्याची उंची, म्हणजे तो प्लेटच्या जाडीत किती पसरला आहे, हे मात्र त्यांनी अहवालात लिहिले नाही. साध्या प्रोबने ती खात्रीने सांगता येत नाही, हवी असेल तर टीओएफडी (तड्याच्या टोकांवरून येणाऱ्या लहरींच्या वेळेवरून मोजण्याची पद्धत) करून घ्या, असे ते म्हणाले. याआधी दुसऱ्या एका एजन्सीने उंची दशांशापर्यंत लिहून दिली होती आणि जोड उघडल्यावर तिचा कशाशीच मेळ बसला नव्हता, म्हणून मला हा नकार आवडला.

तक्रार आहे ती अहवालाची. तो पाच दिवसांनी आला, आणि पडद्याचे एकही चित्र त्याला जोडलेले नव्हते. ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने ते मागितल्यावर आमची धावपळ झाली. दर दिवसावर असल्याने जोडाच्या दोन्ही बाजूंचे किमान दीडशे मिलिमीटरपर्यंतचे स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) आधीच घासून ठेवावे; आमचा पहिला अर्धा दिवस ग्राइंडर चालवण्यातच गेला आणि त्याचे पैसेही आम्हीच भरले.