वाचून महिने उलटल्यावर: हॉरर आणि फँटसी कादंबऱ्यांबद्दल माझं स्पष्ट मत

हॉरर कादंबरी कशी आहे हे ती संपल्याच्या रात्री सांगू नये. त्या रात्री सगळ्याच भारी वाटतात. तीन-चार महिने जाऊ द्यावेत आणि मग बघावं, कुठलं पुस्तक अजून मधेच आठवतं, कुठल्या पुस्तकातल्या माणसांची नावं आपण विसरलो नाही. पावसाळ्याच्या आधीपासून मी ठरवून हॉरर आणि फँटसीच वाचतोय, मराठी इंग्रजी दोन्ही, काही पहिल्यांदा काही परत, आता नाशकात स्वेटर बाहेर निघालेत तेव्हा म्हटलं आता लिहायला हरकत नाही. कथानकातलं थोडंफार येईल, शेवट कुठलाच सांगणार नाही.

सगळ्यात वर स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट', १९७५ची. व्हँपायरची गोष्ट आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यामुळे लोक पहिली शंभर पानं कंटाळत वाचतात, कारण तिथे व्हँपायर जवळजवळ नाहीच. तिथे एक छोटं गाव आहे, पहाटे दूध टाकणारा आहे, कचऱ्याच्या डेपोवर उंदीर मारत बसणारा माणूस आहे, कोणाच्या बायकोचं कोणाशी चाललंय हे माहीत असणाऱ्या बायका आहेत आणि टेकडीवर ते मार्स्टन हाऊस. मला विचाराल तर हीच पानं पुस्तकाचा प्राण आहेत. कारण नंतर एकेक माणूस रात्री गायब व्हायला लागतो तेव्हा तो 'बळी' नसतो, तो आपल्या ओळखीचा दूधवाला असतो. खिडकीबाहेर नखं वाजवणाऱ्या मुलाचा प्रसंग सगळे सांगतात, तो आहेच जबरदस्त, पण मला जास्त आठवतं ते दिवसाढवळ्याचं गाव, पडदे ओढलेली घरं, दुकानं बंद, आणि कोणी कोणाला विचारत नाहीये की शेजारचे गेले कुठे.

याच कादंबरीवर बेतलेली नारायण धारपांची 'लुचाई' लगेच पाठोपाठ परत वाचली. माझ्याकडची प्रत मामाची, पानं पिवळी पडलेली, शिवण सुटत आलेली. धारप (१९२५-२००८) किंगवरून घ्यायचे, 'शपथ'मागेही किंगची 'इट' आहे, यावरून आजकाल बरेच जण नाक मुरडतात. श्रेयाचा मुद्दा मला पटतो, मूळ लेखकाचं नाव वाचकाला कळायलाच हवं. पण दोन्ही पाठोपाठ वाचल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसते. क्रूस आणि चर्चचं पवित्र पाणी यांनी मराठी वाचकाच्या पोटात काही हलत नाही. तिन्हीसांजेला लावलेला दिवा, कपाळाला अंगारा, उंबऱ्यावर उभं राहू नको म्हणणारी आजी, यांनी हलतं. धारपांना हे पक्कं ठाऊक होतं आणि ते भाषेत कुठेही जोर लावत नाहीत, साध्या साध्या वाक्यांत सांगत जातात, जसं काही जमिनीचा व्यवहार सांगतायत. जुन्या नाशकात ज्यांनी वाडे बघितलेत, चौक, माजघर, दिवसाही दिवा लावावा लागणाऱ्या आतल्या खोल्या, त्यांना धारप वाचताना घर कल्पनेनं उभं करावं लागत नाही. धारपांच्याच 'समर्थ' या पात्राच्या गोष्टी मला त्या मानानं कमी घाबरवतात, कारण समर्थ आले की सुटका होणार हे माहीत असतं. त्या मी दिलासा म्हणून वाचतो आणि तसा दिलासा देणारं लिहिणंही सोपं नाही.

किंगचीच 'पेट सेमेटरी' (१९८३) मी कोणालाही सरसकट सुचवणार नाही. घरात लहान मूल असेल तर नकोच. घरासमोरून एक रस्ता जातो आणि त्यावरून दिवसरात्र मोठे ट्रक सुसाट जातात, बस्स, पहिल्या अर्ध्या पुस्तकातलं खरं भूत हेच. पाथर्डी फाट्याच्या आसपास, मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला ज्यांचं घर आहे आणि ज्यांनी पोराचा हात घट्ट धरून सर्व्हिस रोड ओलांडलाय त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. पुढे काय वाईट घडणार हे लेखक आधीच सांगून टाकतो आणि तरी आपण प्रत्येक पानावर मनात म्हणत राहतो की नको, नको. घरचा कर्ता माणूस डॉक्टर आहे, मरण रोज बघणारा, शांत डोक्याचा, आणि तोच दुःखापोटी काय काय पटवून घेतो स्वतःला ते बघवत नाही. यातलं अद्भुत काढून टाकलं तरी पुस्तक उभं राहील असं मला वाटतं. महिने झाले, अजून उतरलेलं नाही.

शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' १९५९ची आहे आणि लहानशी आहे. भूत दाखवतच नाही म्हटलं तरी चालेल. घराचे कोन थोडे थोडे चुकलेत, दारं आपोआप मिटतात, आणि त्यात येते एलेनॉर, जिची उमेदीची अकरा वर्षं आजारी आईची सेवा करण्यात गेलीत आणि जिला पहिल्यांदाच कोणीतरी कुठेतरी बोलावलंय. अंधारात हात धरून बसण्याचा जो प्रसंग आहे तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण खरं सांगतो, आता आठवताना भीती कमी आणि एलेनॉरबद्दल वाईट जास्त वाटतं. अशा किती बाया आपल्या नात्यात आहेत, सगळ्यांचं करता करता स्वतःचं राहून गेलेल्या, त्यांना एखाद्या घरानं 'ये' म्हटलं तर त्या जाणार नाहीत का.

सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) बद्दल खूप ऐकलं होतं. १९५०च्या दशकातलं मेक्सिको, डोंगरावरचं ओलसर घर, बंद पडलेली चांदीची खाण, भिंतींवर बुरशी. पहिला अर्धा भाग सुंदर, नोएमी म्हणजे जी नायिका आहे ती तर फारच आवडली, नटणारी, तोंडावर बोलणारी, कोणाला न जुमानणारी. पण घराचं गुपित एकदा उघडलं की नंतर सगळं समजावून सांगणं सुरू होतं, कोण कसं जगलं, बुरशी काय करते, आणि समजावलेली भीती टिकत नाही. मला आता कपडे आणि वॉलपेपर आठवतात, शेवटची पळापळ नाही आठवत.

'ड्रॅक्युला' १८९७ची. पहिली चार प्रकरणं, म्हणजे काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या हार्करची डायरी, आजही कोणालाही वाचायला द्या, तो काउंट भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो तिथे अंगावर काटा येतोच. नंतर व्हँपायरचा जाणकार व्हॅन हेल्सिंग, त्याची भाषणं लांबत जातात. मधलं थोडं चाळलंत तरी चालेल.

मराठीत आत्ताचं म्हणाल तर हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल'. तिला नुसती भयकादंबरी म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. कुटुंब, गाव, वाढत्या वयातला मुलगा, आणि दहशत घरातल्याच माणसांतून झिरपत येते. जड आहे, सलग वाचवत नाही, मी मधे थांबत थांबत वाचली आणि तशीच वाचावी.

आता फँटसी. इथे माझं आवडतं एकच, सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०, आणि २०२१चा विमेन्स प्राइझ हिलाच मिळाला). एक अफाट घर आहे, दालनामागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यात समुद्र आणि वर ढग. त्यात राहणारा माणूस भरतीच्या वेळा वहीत मांडून ठेवतो, मासे पकडतो, समुद्रातलं शेवाळ वाळवतो, आणि त्या घरावर मनापासून प्रेम करतो. पाणी दालनांत चढतं आणि पुतळ्यांभोवती फिरतं ती पानं मी ऐन पावसाळ्यात वाचली, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता आणि इकडे जो तो एकच विचारत होता की गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पूर मोजायचं माप हेच, पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे का कमरेला आहे का छातीला. त्यामुळे तो वहीवाला माणूस मला परका वाटलाच नाही. पुतळा आणि पाणी यांचं नातं गोदाकाठच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. पहिली पन्नासेक पानं काहीच कळत नाही, तिथे सोडू नका, हात जोडून सांगतो, सोडू नका.

ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' मालिकेतली पहिली, २००६ची. वर्षानुवर्षं राख पडत असलेलं राज्य, आणि धातू गिळून तो पोटात 'जाळला' की शक्ती येते, लोखंडानं धातूच्या वस्तू ओढता येतात, पोलादानं ढकलता येतात, कथलानं कान डोळे तीक्ष्ण होतात. नियम इतके पक्के आहेत की मारामारी वाचताना मजा येते, कुठेही फसवल्यासारखं वाटत नाही. भाषा मात्र सपाट आहे, आणि शहरातली साधी माणसं, राखेत झाडलोट करणारी, स्वयंपाक करणारी, ती दिसतच नाहीत फारशी. म्हणून आता मला धातू पाठ आहेत आणि माणसं धूसर. एकदा वाचावी अशी नक्की आहे, कॉलेजातल्या पोरांना तर हमखास आवडेल.

अर्सुला ली ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) याच्या अगदी उलट. दोनशेच्या आसपास पानं, त्यात शेळ्या राखणारा पोरगा, बेटं, होड्या, जादूची शाळा, आणि गर्वापोटी त्याच्याच हातून सुटलेली एक सावली जी त्याच्या मागे लागते. जादू वापरली की जगाचा तोल कुठेतरी ढळतो आणि त्याची किंमत मोजावी लागते, हे ली ग्विन एकदाही भाषण न देता सांगतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाचायची सवय लावायची असेल तर मी हे पहिलं देईन.

एक गोष्ट मात्र सारखी खुपत राहिली. मराठीत भयकथेची परंपरा आहे, धारप आहेत, मतकरींच्या गूढकथा आहेत, पण मोठ्यांसाठी लिहिलेली, स्वतःचं जग उभारणारी जाडजूड फँटसी शोधायला गेलं की यादी लवकर संपते. आणि हे मी अशा गावात बसून लिहितोय जिथे तपोवनात शूर्पणखेचं नाक कापलं ते ठिकाण दाखवतात, सीता गुंफेत वाकून उतरावं लागतं, आणि ज्याचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आहे. सामग्री कमी नाही, वाचकही कमी नाहीत. फक्त कोणीतरी ती पहिली शंभर पानं नुसत्या गावावर, दूधवाल्यावर, भांडणांवर, नदीवर खर्च करायला तयार हवा, राक्षस नंतर आणा. असं कोणी लिहीत असेल, अर्धवट असेल, छापलेलं नसेल तरी, मला वाचायला द्या, मी पूर्ण वाचून जे वाटेल ते स्पष्ट सांगेन.