लॉगिनच्या चाव्या वापरून दहा महिने: बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका छोट्या ऑफिसातून

गेल्या दिवाळीनंतर मामांच्या ऑफिसात लॉगिनसाठी हार्डवेअर चाव्या आणल्या, म्हणजे यूएसबीत खोचून बोट लावायची छोटी उपकरणं. आता गणपती तोंडावर आलेत. पाच माणसं, दहा चाव्या आणि एक भाड्याचा सर्व्हर, एवढाच पसारा. मामा करसल्लागार, त्यामुळे सर्व्हरवर लोकांची पॅन कार्डं, फॉर्म सोळा, बँकेची स्टेटमेंटं. पोर्टल मी फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथनच्या एका वेब चौकटीत, लिहिलंय. चावीची पडताळणीही मीच बसवली, आणि खाली ज्या चुका येतील त्याही माझ्याच.

आधी चाव्या का आणल्या ते. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका आर्टिकलला (शिकाऊ मुलाला) ईमेल आली, ‘तुमचं सेशन संपलंय, पुन्हा लॉगिन करा’. पान हुबेहूब आमचं, पत्त्यात एक अक्षर जास्त. त्यानं पासवर्ड टाकला, ॲपमधला सहा आकडी कोडही टाकला. पलीकडच्यानं तोच कोड तीस सेकंदांच्या आत आमच्या खऱ्या पानावर वापरला. सर्व्हरच्या लॉगमध्ये आर्टिकलच्या नावचं नवं लॉगिन मला दिसलं, तेव्हा तो स्वतः माझ्यासमोर सेव-उसळ खात बसला होता. सेशन लगेच तोडलं म्हणून निभावलं.

कोडचं दुखणं हेच. तो जिथे टाकाल तिथे जातो. चावीचं तसं नाही, कारण कुठल्या पत्त्यावर सही करायची हे माणूस ठरवत नाही, ब्राउझर ठरवतो. गूगलनं २०१८ मध्ये सांगितलं होतं, की ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना चावी सक्तीची केल्यापासून एकाचंही कामाचं खातं फिशिंगनं, म्हणजे अशा बनावट पानांनी, गेलेलं नाही. हे मी मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं, “आणि हरवली तर?” मी म्हटलं, दोन-दोन घेऊ. उत्तर अर्धवट होतं, हे नंतर कळलं.

चाव्या आल्या, पोर्टलला वेबऑथन, म्हणजे ब्राउझरमधून चावीनं लॉगिन करण्याची पद्धत, जोडलं. हे मानक वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं मार्च २०१९ मध्ये पक्कं केलं. त्याआधीचं चाव्यांचं मानक यूटूएफ, २०१४ चं. क्रोमनं ते २०२२ मध्ये बंद केलं, त्यामुळे जुने धडे बघून यूटूएफ बसवायला जाऊ नका. काम ऐकायला सोपं आहे. सर्व्हर दर वेळी एक नवा चॅलेंज, म्हणजे कुणाला आधी अंदाज न येणारा मजकूर, पाठवतो. ब्राउझर त्या चॅलेंजसोबत पानाचा पत्ता लिहितो. चावीला बोट लागलं की ती सही करते आणि सही सर्व्हरकडे परत येते. नोंदणीच्या वेळी चावीनं दिलेली सार्वजनिक किल्ली (सही ओळखण्यापुरती) आपल्याकडे असते, तिच्यावर सही ताडून बघायची. बस.

पण खरी गोम इथेच आहे. नुसती सही ताडली आणि बाकी काही तपासलं नाही, तरी चावी झकास चालते. दिवा लुकलुकतो, बोट लावलं की आत. बघणाऱ्याला वाटतं, काय सुरक्षित झालं! पहिल्याच आठवड्यात माझा पत्त्याचा मेळ बसेना. पुढे विनंत्या घेणारा एनजिनएक्स, मागे फ्लास्क, त्यामुळे माझा कोड पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपी’ धरून बसलेला आणि ब्राउझर ‘एचटीटीपीएस’ लिहून पाठवतोय. वैतागून एका संध्याकाळी मी ती तपासणीची ओळच बंद केली. सगळं सुरळीत सुरू झालं, घरी गेलो. रात्री आठवलं, की आमच्याच डोमेनखाली (साइटच्या नावाखाली) एक चाचणीचं उपडोमेन कधीपासून उघडं पडलंय. परक्या डोमेनला ब्राउझर स्वतः अडवतो, पण उपडोमेनवरचं पान आमच्या मुख्य डोमेनच्या नावानं सही मागू शकतं, आणि तिथे पत्ता नीट ताडणं हे सर्व्हरचंच काम. सकाळी अपेक्षित पत्ता कॉन्फिगमध्ये अक्षरन् अक्षर लिहून टाकला. येणाऱ्या विनंतीतून तो कधीही बनवू नये.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. डिसेंबरात सहज गंमत म्हणून मामांचा पासवर्ड टाकला आणि माझी चावी लावली. आत गेलो! मामा म्हणून! घडलं असं, की आलेल्या चावीचा क्रमांक मी डेटाबेसात शोधत होतो, सही बरोबर आहे का बघत होतो, पण ती चावी पासवर्डवाल्या माणसाचीच आहे का, हे विचारतच नव्हतो. ब्राउझरला पाठवायची यादीही साऱ्या ऑफिसच्या चाव्यांची. म्हणजे पाचांपैकी कुणीही कुणाच्याही खात्यात जाऊ शकला असता, फक्त पासवर्ड माहीत हवा, आणि मामांचा पासवर्ड त्यांच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. दोन ओळींची दुरुस्ती. त्या दिवसापासून मी चाचण्या उलट्या लिहितो: दुसऱ्याची चावी, कालचा चॅलेंज, चुकीचा पत्ता, बोट न लावता आलेली सही. या सगळ्यांना सर्व्हर ‘नाही’ म्हणाला, तरच काम झालं असं समजतो.

तिसरा घोळ भुताटकीचा. लॉगिन कधी व्हायचं, कधी नाही. साधारण निम्म्या वेळा. मामींना वाटे यूएसबीचं भोक सैल आहे. मी चॅलेंज मेमरीत ठेवत होतो आणि फ्लास्क चालवणाऱ्या गनिकॉर्नचे दोन वर्कर, म्हणजे एकमेकांची मेमरी न दिसणाऱ्या दोन प्रती, चालू होत्या. एकानं चॅलेंज द्यायचा, उत्तर दुसऱ्याकडे जायचं, तो म्हणायचा मला ठाऊक नाही. आता चॅलेंज डेटाबेसात, पाच मिनिटांची मुदत, एकदा वापरला की पुसला. तो पुसायचा विसरलात तर पकडलेली जुनी सही कुणी पुन्हा चालवू शकेल.

मोजणीचंही सांगतो. बऱ्याच चाव्या दर सहीला एक आकडा वाढवतात. आकडा मागे गेला तर चावीची नक्कल झाली असण्याची शक्यता असते. मी नियम ठेवला, ‘आधीपेक्षा मोठाच हवा’. एका आर्टिकलनं आयफोनची पासकी (फोनच चावीचं काम करतो ती) नोंदवली, ती कायम शून्यच पाठवते, आणि पोरगा पहिल्याच लॉगिनला बाहेर. जुना आणि नवा दोन्ही आकडे शून्य असतील तर सोडून द्यायचं, हे मानकातच लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

चावीची जात, म्हणजे मॉडेल, तपासण्याच्या भानगडीत मी दोन आठवडे घालवले, ते वाया गेले. प्रत्येक मॉडेलचा १६ बाइटचा एक ओळखक्रमांक असतो. तेवढीच चावी चालेल असं मी ठरवलं. मग जादा म्हणून तेच मॉडेल पुन्हा मागवलं, तर आतलं फर्मवेअर (चावीतला कायमचा प्रोग्रॅम) नवं, क्रमांक वेगळा, सर्व्हर घेईना. हजारो माणसांच्या कंपनीत याला अर्थ असेल. पाच जणांना चाव्या मीच हातात देतो, तिथे हा थाट कशाला? काढून टाकलं. बऱ्याच चाव्यांचं फर्मवेअर बदलता येत नाही, हे मात्र घेण्याआधी माहीत असावं. सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅब या सुरक्षा संशोधकांनी चिप बनवणाऱ्या इन्फिनिऑनच्या क्रिप्टो लायब्ररीतली फट दाखवली, ५.७ च्या आधीच्या फर्मवेअरच्या यूबिकी ५ या लोकप्रिय चाव्या त्यात सापडल्या, आणि त्यांना अपडेट देण्याची सोयच नाही. हल्ल्याला चावी हातात हवी आणि महागडी यंत्रसामग्री हवी, म्हणून आमच्यासारख्यांनी झोप घालवण्याचं कारण नाही.

सर्व्हरच्या एसएसएचलाही, म्हणजे दुरून हुकूम चालवायच्या दारालाही, चावी लावली. त्याच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमच्या ८.२ आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून ती सोय आहे. आवडली, पण तिथेही हसं झालं. घरच्या कॉम्प्युटरवरून रात्री अडीचला बॅकअप ओढायची स्क्रिप्ट होती, तीही नकळत त्याच चावीवर गेली. चावी बिचारी कुणीतरी बोट लावेल म्हणून थोडा वेळ लुकलुकायची, मग गप्प, आणि बॅकअप शून्य. नऊ दिवस माझ्या लक्षात आलं नाही. आता बॅकअपला वेगळी साधी किल्ली आहे, आणि तिला सर्व्हरवर एकच हुकूम चालवायची परवानगी.

रोजच्या वापराचं म्हणाल तर माणसं चार दिवसांत रुळली. कोड शोधण्यापेक्षा बोट लावणं सोपं, असं मामीच म्हणतात. फक्त सुरुवातीला मी पिनची सेटिंग तशीच सोडली होती, त्यामुळे पासवर्डही आणि पिनही. मामींनी सवयीनं एटीएमचा पिन टाकला, तीनदा. चावी गप्प, काढून पुन्हा लावा म्हणे. ओळीनं आठ चुका झाल्या की ती कायमची अडते आणि कोरी करावी लागते, नोंदण्यांसकट. पासवर्ड आहेच, म्हणून सर्व्हरकडून पिन मागणं बंद केलं. जुन्या डेस्कटॉपला सी-पोर्ट नाही, तिथे कनेक्टर लागला. फोनवर मागे टेकवली की एनएफसीनं चालते, पण जाड कव्हर काढावं लागतं. आणि डोमेनचं नाव विचार करून ठेवा. नोंदणी त्या नावाला बांधलेली असते. नाव बदललं की दहाच्या दहा चाव्या पुन्हा नोंदवा.

आता मामांचा प्रश्न. उत्तरायणाला एका आर्टिकलची चावी गच्चीवरून खाली गेली, मांजाच्या गुंत्यात सापडली, चालूही होती. दुसरी चावी होतीच. पण जुलैच्या शेवटी, रिटर्नची गर्दी ऐन भरात असताना, अनोळखी नंबरवरून फोन: “दादा, दोन्ही चाव्या घरी राहिल्या, जरा माझं काढून द्या ना.” आवाज ओळखीचा वाटला. ॲडमिनच्या पानावर मीच केलेलं बटण होतं, एका क्लिकवर चावीची अट काढणारं. कर्सर त्यावर नेलाही होता. मग मागच्या पावसाळ्यातली ती ईमेल आठवली. म्हटलं, ऑफिसात ये.

तोच होता. मित्राच्या फोनवरून बोलत होता. वाघोडिया रोडवरून त्या ट्रॅफिकमध्ये आला, घामाघूम, आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्याच रात्री मी बटण बदललं. आता ते दाबायला माझी चावी लागते, मामांचीही लागते, आणि ज्याचं खातं त्यानं समोर उभं राहावं लागतं. मामांनी त्यांची दुसरी चावी देवघराच्या खणात ठेवलीय, पासवर्ड अजून कॅलेंडरच्याच मागे आहे.