सहा किलोचं पोतं आणि बहात्तर हजार

आमच्याकडे हायब्रिड गाडी म्हटली की लोक पहिले विचारतात, "चार्जिंग कुठं करता?" करावंच लागत नाही. ब्रेक दाबला, उतार लागला की तिची बॅटरी आपली आपण भरते. पांढरकवड्याकडच्या खेड्यांत अशा गाड्या अजून बोटावर मोजण्याइतक्या. माझी २०१५ ची, सेकंडहँड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या भानगडीत गाडीचा दोष नव्हता.

निगा मी घरीच राखतो. ट्रॅक्टरचं ऑइल बदलण्यात जन्म गेला, त्यामुळे हात काळे करायची लाज नाही. इंजिनच्या कूलंटची डबी वेगळी आणि इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या यंत्राची वेगळी, हे मला ठाऊक. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली की तिची साधी बारा व्होल्टची बॅटरी बसते आणि मग 'रेडी'चा दिवाच लागत नाही, हेही एकदा लग्नसराईत भोगून झालेलं. एवढं येतं म्हणजे गाडी कळली, असा माझा समज होता.

फेब्रुवारीत जिनिंगवरून, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यावरून परत येताना डॅशबोर्डवर लाल त्रिकोण आला, खाली 'चेक हायब्रिड सिस्टिम'. त्याआधी आठ-दहा दिवस मागच्या सीटजवळून पंखा घरघरत होता. मी तो एसीचा आवाज समजून सोडून दिला होता. पहिली चूक ती.

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका गॅरेजात गेलो. बाहेर नवाकोरा फ्लेक्स, 'हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांची सर्व कामे'. पोरगा तिशीतला, बोलायला गुळासारखा. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. "पाहा काका, पी०ए८०. याचा अर्थ बॅटरी पॅक बदला. मी नाही म्हणत, गाडीच म्हणून राह्यली."

आणि तो खोटं बोलत नव्हता! त्या कोडचा अर्थ खरंच तोच. मी घरी येऊन पुन्हा तपासलाही होता. पण गाडी हा कोड सेलांच्या व्होल्टेजमध्ये तफावत दिसली की देते. ती तफावत कशानं आली, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. त्यानं आधी कंपनीकडच्या नव्या पॅकचा आकडा सांगून मला गार केलं, मग म्हणाला, सहाच सेल गेलेत, तेवढेच बदलून देतो, ऐंशी हजार. घासाघीस करून बहात्तरवर आलं. पन्नास रोख, बावीस मोबाइलवरून. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलानं अठरा टक्के वाढतीन ना काका." मी गप्प बसलो. लोभ माझाही होता, नाही कशाला म्हणू.

"उघडल्यावर दाखवजो बरं," एवढं मात्र मी म्हटलं होतं.

"काका, चौतीस सेल हायेत, दोनशे चव्वेचाळीस व्होल्ट. हात लागला तं पाणी मागाले टाइम नाही भेटत. तुमी बाहेर बसा, चहा घ्या."

हेही खरंच. प्रत्येक सेल (खरं तर छोट्या सेलांचा एक संच) ७.२ व्होल्टचा, चौतीसची बेरीज जवळपास तेवढी होते. जास्त व्होल्टच्या नारिंगी वायरींना आपण हात लावायचा नसतो, हे मीच चार जणांना सांगत असतो. मग मी कसा आत जाणार? शटर अर्धं खाली आलं आणि मी समोरच्या टपरीवर तीन तास बसून राहिलो.

निघताना त्यानं एक पोतं डिक्कीत ठेवलं. "हे तुमचे जुने सेल. लोकाले वाटते आमी फसवतो, म्हणून मी माल वापस देतो." सहा सेल, एकेक साधारण किलोभराचा. मी इतका खूश झालो की घरी येऊन बायकोला पोतं उघडून दाखवलं. ती म्हणाली, "याचं काय लोणचं घालू?" वर त्याची सूचना होती की महिनाभर गाडी जास्त पळवू नका, नवे सेल बसू द्या. मी गावातल्या गावात फिरत राहिलो. तेवीस दिवसांनी करंजीच्या रस्त्यावर पुन्हा तोच त्रिकोण. फोन लावला तर आधी "उद्या पाहतो", मग बंद.

नागपूरला एका ओळखीच्या कारागिराकडे गाडी नेली. त्यानं मला शेजारीच उभं केलं. रबरी हातमोजे घातले, बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग ओढून काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून परत लावू नये. मग दहा मिनिटं नुसता थांबला. आत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो म्हणे. कव्हरच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी होती. "हे कोणी खोललंच नाही," तो म्हणाला. आत चौतीसही सेल एकाच मालिकेच्या नंबरांचे, जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज. पोत्यातल्या सहा सेलांचे नंबर एकमेकांशीसुद्धा जुळत नव्हते. कुठल्या कुठल्या गाड्यांचे ते, देव जाणे. माझ्या गाडीतला कोड हायवेवरच्या पोरानं फक्त पुसला होता. पुसलेला कोड मूळ दुखणं असेल तर फिरून येतोच, म्हणूनच तो "जास्त पळवू नका" असं म्हणत होता.

मूळ दुखणं मागच्या सीटच्या बगलेतल्या जाळीत सापडलं. बॅटरीला थंड हवा तिथून जाते, गाडीच्या आतलीच हवा. कारागिरानं जाळी काढली, आतलं फिल्टर चिमट्यानं ओढलं, तर पुरणवाती वळता येतील एवढी रुई निघाली. दिवाळीपासून जिनिंगच्या फेऱ्या, काचा खाली, आणि त्या जाळीला टेकून सरकीची पोती. मी इंजिनचा एअर फिल्टर दर दोन महिन्यांनी झटकत होतो आणि याचं अस्तित्वच मला माहीत नव्हतं. आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचं नाक असं दाबल्यावर ती तापणार नाही तर काय. हे फिल्टर घरी साफ करताना करंट बसायची भीती नाही, ना हातमोजे लागतात. आता दर अमावस्येला काढतो, तारीख लक्षात राहते म्हणून.

त्यानं सेलांच्या सतरा जोड्यांचे व्होल्टेज स्कॅनरवर दाखवले. सोळा जोड्या १५.८ च्या आसपास, एक १४.१. ती एक जोडी बदलली, पट्ट्या घासल्या, पंखा धुतला, आणि पुन्हा सतरा आकडे दाखवून त्याचा फोटो मला काढायला लावला. खर्च चौदा हजार, बिलासकट. हे सतरा आकडे हायवेवरच्या पोराकडे मागितले असते तर? व्होल्टला हात न लावता, टपरीवर बसून मागता आले असते. सुचलंच नाही.

फ्लेक्स आता उतरलाय, शटरला कुलूप आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तिथल्या सल्ल्यानं यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. बिल नसल्यानं पन्नास हजारांचा पुरावा माझ्याकडे शून्य, बावीस हजारांचा मोबाइलमध्ये आहे, आणि ते पोतं. भंगारवाला दोनदा विचारून गेला, किलोवर घेतो म्हणाला. टोकांना टेप मारून पडवीत ठेवलंय, सुनावणीपर्यंत हलवायचं नाही असं बायकोला बजावून ठेवलंय.