आकृतीवरून सिद्धता की गृहीतकांवरून?

दहावीनंतर गणिताकडे वळलेल्या भाचीला पडलेला पेच: भूमितीत आकृतीवर भिस्त ठेवायची, की एकेक पायरी गृहीतकांवरून (सिद्ध न करता मान्य केलेल्या विधानांवरून) काढायची?

मेहनतीत आकृती सरळ जिंकते. युक्लिडचं पहिलंच साध्य घ्या. रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवरून त्याच लांबीच्या त्रिज्येची वर्तुळं काढा, छेदनबिंदू टोकांना जोडा, समभुज त्रिकोण तयार. पण वर्तुळं छेदतात कशावरून? त्याच्या गृहीतकांत ते कुठेच नाही. दिसतं म्हणून आपण मान डोलावतो. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने १८९९ मध्ये एक बिंदू दोन बिंदूंच्या ‘मध्ये’ असणं हेसुद्धा गृहीतकांत बांधलं. काम चोख, पण साध्या विधानालाही पानभर खटाटोप.

भरवशाचं काय? ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ ही प्रसिद्ध फसवी सिद्धता बघा. शिरोकोनाचा दुभाजक आणि पायाचा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत भेटतात असं काढायचं, तिथून उरलेल्या दोन बाजूंवर लंब टाकायचे, पुढची एकरूपता अगदी बिनचूक. खरं तर तो बिंदू बाहेर, परिवर्तुळावर (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावर) असतो. एक लंब बाजूवर पडतो, दुसरा वाढवलेल्या बाजूवर. म्हणून बाजूंची लांबी काढताना एकीकडे तुकड्यांची बेरीज, दुसरीकडे वजाबाकी, आणि दोन्ही बाजू सारख्या ठरत नाहीत. कच्च्या आकृतीत हे लपतं. (कंपास नीट चालवला असता तर इथे आकृतीनेच चोर पकडला असता!)

सुचण्यात मात्र गृहीतकं पांगळी. कुठली रेषा वाढवावी हे ती सांगत नाहीत.

परीक्षा, रायडर (प्रमेयं वापरून सिद्ध करायची उदाहरणं) सोडवणं, कुणाला समजावणं यासाठी आकृती, तीही दोन-तीन वेगवेगळ्या आकारांत काढून. संगणकाकडून सिद्धता तपासून घ्यायची असेल किंवा भूमितीचा पायाच अभ्यासायचा असेल, तर गृहीतकं.