सरसकट दोन डॉलर

काका गेल्यावर त्यांच्या कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. उचलायला गेलो तर हाताला हिसका बसला. आत डॉलरची जुनी, मोठी नाणी. मोजली तर 112 भरली. त्यांतली काही निळ्या पाकिटांत, काही तपकिरी डब्यांत, बाकीची नुसतीच.

काकू म्हणाली, "बाबा रे, यांचं काय ते तूच ठरव. बँकेत भरायची की ठेवायची?"

काका 1971 साली न्यू जर्सीत आले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा मुखवटा असलेला मोठा डॉलर त्याच वर्षी निघाला. मागच्या बाजूला चंद्रावर उतरणारा गरुड, पंजात ऑलिव्हची फांदी, म्हणजे अपोलो 11 चं बोधचिन्ह. 1978 पर्यंत ही नाणी पाडली गेली. खिशाला जड म्हणून लोक वापरत नसत, त्यामुळे लास वेगासच्या जुगारघरांबाहेर ती फारशी फिरली नाहीत. काकांना मात्र आजीच्या बंद्या रुपयाची आठवण येत असावी. कुठे मिळालं की डब्यात टाकायचं, असं चाललेलं.

मी रात्री बसून थोडं वाचलं. तेवढंच नडलं. आयझेनहॉवर डॉलरात चांदी नाही, तांबं आणि निकेल आहे, बँकेत त्याचा एकच डॉलर मिळतो, इतकं कळलं आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो. पाकिटं नि डबे म्हणजे नुसती सजावट असं धरून चाललो. सगळी नाणी जेवणाच्या टेबलावर मांडून एक फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

त्याच आठवड्यात पत्रपेटीत एक जाहिरात आली. जवळच्या हॉटेलात दोन दिवस जुनी नाणी, सोनं, घड्याळं विकत घेणार, पैसे जागच्या जागी. मी काकूला घेऊन गेलो.

माणूस गोड होता. काकूला खुर्ची दिली, काकांबद्दल विचारलं. मग डबा हिरव्या कापडावर उपडा केला. वरची दोन-चार नाणी मला दाखवत म्हणाला, "हे बघा, कडेला तांबं दिसतंय. यात चांदी नाही. बँक एक डॉलर देईल. मी दोन देतो. निवडत बसायला नको, सरसकट."

मी रात्री वाचलं होतं तेच तो सांगत होता, त्यामुळे विश्वास बसला. शिवाय दुप्पट! बोलता बोलता त्याचा हात चालूच होता. तपकिरी डबे उघडून नाणी ढिगात, निळी पाकिटं फाडून नाणी ढिगात. "खोक्याला कोण पैसे देतं?" म्हणत डबे बाजूला सारले. 224 डॉलरचा चेक दिला. पावतीवर लिहिलं : 'किरकोळ डॉलर नाणी, नग 112'. काकूनं सही केली.

पुण्याच्या आतेभावाला नाण्यांचा नाद आहे. त्यानं फोटो दोन दिवसांनी पाहिला आणि थेट फोन केला.

"निळ्या पाकिटांतली कुठे ठेवलीस?"

मी सांगितलं. पलीकडे नुसता सुस्कारा.

अमेरिकी टांकसाळीनं बाजारात फिरवायच्या नाण्यांखेरीज संग्राहकांसाठी वेगळी नाणीही काढली होती. सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेली, 40 टक्के चांदीची. निळ्या पाकिटातलं 3 डॉलरला मिळायचं, तपकिरी डबीतलं चकचकीत प्रूफ, म्हणजे खास घडवलेलं आरशासारखं नाणं, 10 डॉलरला. म्हणजे काकांनी तेव्हा दहा डॉलर मोजून घेतलेलं नाणं आम्ही पन्नासएक वर्षांनी दोनला देऊन आलो.

फोटो मोठा करून त्यानं मोजून दाखवलं. निळी 14, तपकिरी 11. शिवाय चार नाण्यांवर आयझेनहॉवर नव्हताच, लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, चेहरा होता. ते 1922 चे पीस डॉलर, 90 टक्के चांदीचे. साल काही दुर्मिळ नाही, त्या वर्षी फिलाडेल्फियात पाच कोटींवर पाडले गेले, पण एकेकात पाऊण औंसाहून जास्त चांदी आहे (चांदीचा औंस म्हणजे साधारण 31 ग्रॅम). सगळ्यांचा व्यास सारखाच, 38.1 मिलिमीटर, म्हणून ढिगात मिसळले की नजरेला कळत नाही. या 29 नाण्यांत मिळून 11 औंस चांदी होती. औंसाला 30 डॉलर धरले तरी 330. आम्हाला त्यांचे मिळाले 58.

उरलेल्या 83 नाण्यांना त्यानं खरंच दुप्पट भाव दिला होता. फसवणूक तिथेच होती. रद्दीला भाव देऊन त्यानं माझं तोंड बंद केलं. तो एकही वाक्य खोटं बोलला नाही, कारण दाखवलेल्या नाण्यांत खरोखरच चांदी नव्हती.

तिसऱ्या दिवशी हॉटेलात गेलो तर त्या हॉलमध्ये कुणाचा तरी वाढदिवस चालू होता. पावतीवरचा फोन कुणी उचलत नाही. वकील मित्रानं पावती वाचली आणि परत दिली.

तुमच्या घरी असा डबा असेल तर आधी स्वयंपाकघरातला काटा काढा. दशांश दाखवणारा असेल तर उत्तम. साधा आयझेनहॉवर 22.7 ग्रॅम भरतो, 40 टक्के चांदीचा 24.6, पीस किंवा त्याआधीचा मॉर्गन नावाचा चांदीचा डॉलर 26.7 च्या आसपास (झिजलेला थोडा कमी). चांदीच्या नाण्याच्या कडेला तांबूस पट्टी ठळक दिसत नाही. सालाच्या वर इंग्रजी 'एस' हे अक्षर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची खूण, असेल तर थांबा, पण नुसत्या 'एस'वरही जाऊ नका, 1973 पासून 'एस'ची बिनचांदीची प्रूफही निघाली. वजन खोटं बोलत नाही. पाकिटं, डबे फेकू नका, नाणी घासून चकचकीत करू नका. आणि कुणी 'सरसकट' म्हणालं की डबा बंद करून उठा.

22.7 ग्रॅमच्या आसपास भरलेली साधी, झिजलेली नाणी खुशाल खर्च करा. ती ठेवून माझ्या मते काही साधत नाही.

मागच्या महिन्यात काकांच्या कोटाच्या खिशात आणखी एक सापडलं. 1974 चं. आम्ही काट्यावर ठेवलं, 22.6. काकूनं ते बेकरीत पावासाठी दिलं. गल्ल्यावरच्या मुलीनं उलटसुलट करून पाहिलं, तर काकूनं तिच्या हातातून घेऊन काउंटरवर आपटून दाखवलं. ठक्क असा बसका आवाज झाला. मुलगी हसली. गल्ल्यात एवढ्या मोठ्या नाण्याला खणच नव्हता, म्हणून तिनं ते नोटांच्या खाली सरकवलं.