खटला वर्ग करायला मोफत वकील मिळाला: माझा अनुभव

मी केलेल्या 498-अ च्या (सासरच्या छळाच्या) तक्रारीचा खटला सासरच्या तालुक्याला चालू होता. मी माहेरी, अडीचशे किलोमीटरवर. महत्त्वाची साक्ष आईची, आणि तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दोनदा समन्स आलं, दोन्हीदा रात्रीच्या एसटीने गेलो, साक्ष झालीच नाही. वर कोर्टाच्या फाटकावर दिराची माणसं उभी.

जिल्हा वेगळा, म्हणून खटला माहेरच्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 407, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 447). एकाच जिल्ह्यातल्या दोन कोर्टांचा प्रश्न असता तर आधी सत्र न्यायाधीशांकडे जावं लागलं असतं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवेचा मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं आहे. हे मला फार उशिरा कळलं.

त्याआधी एका खासगी वकिलांनी माझ्या अर्जात दीड पान भरून न्यायाधीशच सासरच्यांना सामील आहेत असं लिहिलं होतं. विधी सेवेच्या मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, "ताई, पुरावा आहे?" नव्हता. त्यांनी सगळं खोडलं. मनात भीती आहे एवढ्यावर भागत नाही, ती कशामुळे वाटते ते कागदावर दिसलं पाहिजे, म्हणाल्या. 1978 मध्ये मनेका गांधींनी मुंबईतला खटला दिल्लीला नेण्यासाठी केलेला अर्जसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता. मग शपथपत्राला एसटीची तिकिटं, डायलिसिसचं कार्ड, रोजनाम्याच्या (कोर्टाच्या तारखांच्या नोंदीच्या) नकला आणि धमकीबद्दल ठाण्यात नोंदवलेली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लागली. माझ्या दृष्टीने या सेवेचं खरं मोल त्या खोडलेल्या दीड पानात आहे. ते तसंच राहिलं असतं तर अर्ज टिकला नसता असं मला ठामपणे वाटतं.

त्रासही झाला. फोन क्वचितच उचलला जायचा, नकलांसाठी मलाच धावावं लागलं. आणि अर्ज केला की खालचं कोर्ट आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, हे मला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. मधली एक तारीख त्यामुळे चुकता चुकता राहिली.

खटला आमच्या तालुक्याला वर्ग झाला. गेल्या महिन्यात आईची साक्ष झाली. सकाळी अकराला रिक्षाने गेलो, दुपारच्या जेवणाला घरी आलो.