डॅम्पर चेकिंग सर्व्हिस घेतली, काम चोख पण रिपोर्ट वाचवत नाही (साडेतीन स्टार)

आमचं ऑफिस प्रभादेवीला, समुद्र इतका जवळ की खिडकीच्या बिजागऱ्यासुद्धा दोन वर्षांत गंजतात. मी अ‍ॅडमिन बघते, म्हणजे एसीच्या सगळ्या शिव्या माझ्या खात्यात. या जुलैत तर कहर झाला, अकाउंट्सच्या बाजूला ग्रिलमधून टपटप पाणी, फायलींना कुबट वास, आणि दुसऱ्या टोकाच्या ट्रेनिंग रूममध्ये जेवणानंतर निम्मी पब्लिक डुलक्या काढतेय. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) दर वेळी येणार, फिल्टर धुणार आणि बीएमएसची (बिल्डिंगची यंत्रणा चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) स्क्रीन दाखवून म्हणणार, "मॅडम, फ्रेश एअर डॅम्पर १५ टक्के ओपन दिसतोय ना, सगळं ओके आहे." डॅम्पर म्हणजे हवेच्या वाटेवरची उघडझाप करणारी पाती, फ्रेश एअरवाला बाहेरची हवा किती आत येणार ते ठरवतो.

शेवटी ओळखीतून एक छोटी पार्टी मिळाली, फक्त डॅम्पर आणि हवेचं चेकिंग करतात (नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत). दहाची वेळ दिलेली, आले साडेबाराला, पण त्या दिवशी पाऊस असा होता की मीच अकराला पोचलेले, त्यामुळे ते माफ. एक तरुण इंजिनिअर आणि एक मेकॅनिक काका. स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ अकाउंट्सच्या बाजूच्या एएचयू रूममध्ये (हवा थंड करून ऑफिसात सोडणारं मशीन असतं ती खोली) घुसले आणि तीन ठिकाणचं तापमान घेतलं. बाहेरची हवा २८, ऑफिसातून परत येणारी २४, आणि दोन्ही मिसळल्यावर कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या) आधी साडेसव्वीस. ते शेवटचं रीडिंग पाच-सहा जागी घेऊन सरासरी काढली, कारण त्या डब्यात हवा नीट मिसळतच नाही म्हणे, एका कोपऱ्यात गरम तर एकात गार. आता हिशोब शाळेतला आहे, १५ टक्केच बाहेरची हवा येत असती तर मिश्रण २४.६ च्या आसपास हवं, साडेसव्वीस म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. मुंबईच्या पावसाळ्यातली ओली हवा आम्ही अशी खेचत होतो आणि कॉइलला थंड पाणी देणारा चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह दिवसभर फुल उघडा. बिल का वाढलंय ते तिथेच कळलं.

पण ४ डिग्रीच्या फरकात सेन्सर अर्धा डिग्री जरी चुकला तरी उत्तर बारा-तेरा टक्क्यांनी हलतं, म्हणून त्यांनी नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. डॅम्पर आधी पूर्ण बंद करायला सांगितला, मग पूर्ण उघडायला, आणि रीडिंग ढिम्म! गंमत अशी की मोटर, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, छान फिरत होता, अडीच मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला. काकांनी टॉर्च मारून शाफ्टच्या (पाती फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाची खाच दाखवली, पाती कुठल्या दिशेला आहेत ते त्या खाचेवरून कळतं. ती जागची हललीच नव्हती. मोटर शाफ्टला जोडणारा क्लॅम्प सैल झालेला आणि पाती गंजून उघडीच अडकलेली. स्क्रीनवरचा १५ चा आकडा मोटरचा होता हो, पात्याचा नाही. इतकी वर्षं आम्ही मोटरची हजेरी लावत बसलो होतो. बेअरिंग साफ केली, ग्रीस लावलं, क्लॅम्प आवळला, वर शाफ्टवर मार्करने रेघ मारून दिली म्हणजे पुढच्या वेळी मलाच बघता येईल.

ट्रेनिंग रूमच्या एएचयूचं दुखणं बरोबर उलटं. तिथे सीओटू (श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड) मीटर लावला, बाहेर ४३० आणि रूममध्ये माणसं भरल्यावर १४०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), म्हणजे हवा कोंडलेली. डॅम्पर फुल उघडला, वीस मिनिटं थांबलो, तरी परतीच्या हवेचा आणि मिश्रणाचा आकडा सारखाच, म्हणजे बाहेरचं काही आतच येत नव्हतं. पात्यांना काहीच झालं नव्हतं. मग काका बाहेरच्या लूव्हरकडे (हवा आत घेणाऱ्या झडपांच्या खिडकीकडे) गेले आणि हसत परत आले. कबुतरं! जाळीवर घरटं, पिसं, विष्ठा, सगळा थर. यावर कुठलं सॉफ्टवेअर काय करणार?

आता तक्रारी. रिपोर्ट ३८ पानांचा, त्यातली अर्धी पानं कंपनीच्या कौतुकाची, फोटो इतके धूसर की डॅम्पर कुठला आणि फिल्टर कुठला कळत नाही, मॅनेजमेंटला द्यायला मीच एक पान टाइप केलं. फायर डॅम्पर (आग लागली की हवेची वाट बंद करणारे) बघितले नाहीत, ते काम वेगळं आणि पैसेही वेगळे, हे आधी बोलायला हवं होतं ना. फॉल्स सीलिंगच्या टाइलवर काळे पंजे ठेवून गेले ते अजून तसेच आहेत.

तरी पैसे वसूल. घ्यायची असेल तर पावसाळ्यात किंवा मे महिन्यात बोलवा, डिसेंबरच्या संध्याकाळी बाहेरही २४-२५ च असतं मग तापमानाची ट्रिक चालत नाही, सीओटूनेच बघावं लागतं. आणि मीटर स्वतः घेणार असाल तर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट सीओटू मोजणारा) सेन्सरवालाच घ्या, स्वस्तातले बरेचसे दुसराच वायू मोजून सीओटूचा अंदाज ठोकतात.

कबुतरांच्या जाळीचा खर्च आम्ही करायचा की बिल्डिंगमालकाने, यावर सध्या ईमेल चालू आहेत.